अकरा पुस्तकं आणि एक भिंत

डेव्हेंटर, ९ ऑक्टोबर १९९६

प्रिय यान्नाताई,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू वारा कुठला आहे ते सांगतेस, बटाट्यांचं सांगतेस आणि ठेवून देतेस. मला जे विचारायचंय ते तुझ्याकडून कागदावरच निघेल.

विद्यापीठातली एक बाई माझ्यावर पुस्तक लिहिते आहे. हस, हस. फेम्के ओल्डनहाउस तिचं नाव. माझी अकराही पुस्तकं तिने वाचली आहेत, काही तर दोनदा, म्हणजे माझ्याहून जास्त. नेदरलँड्समध्ये माणूस भयकथांकडे वळतोच कसा, हे तिला शोधायचंय. पहिल्या कादंबरीवर पेपरात काय छापून आलं होतं, आठवतं? ‘आपल्या देशात भुतांनी राहायचं कुठे? डोंगर नाही, जंगल नाही, आणि खिडक्यांना पडदेसुद्धा नाहीत.’ पुढची वीस वर्षं लोक मला तेच ऐकवत होते.

तर ती विचारते, तुमच्यावर प्रभाव कुणाचे? मी नेहमीचं सांगितलं. बुधवारी गावात येणारी वाचनालयाची गाडी, तिच्यातून शर्टाखाली लपवून आणलेली परदेशी भुतांची भाषांतरं. पाळकसाहेबांची नरकावरची दीड-दीड तासांची प्रवचनं. बाबांनी जाळलेली माझी पहिली वही. सतराव्या वर्षी रॉटरडॅमच्या छापखान्यात लागलो आणि मुकादमाची पाठ वळली की स्वतःची गोष्ट अक्षरांचे खिळे जुळवून छापली, तेही सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं. मग वही मिटली आणि म्हणाली, “एक विचारू? तुमच्या प्रत्येक पुस्तकात भिंतीपलीकडून कोणीतरी ठोठावतं, आणि अलीकडची माणसं ते ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने गायला लागतात. कधी शाळा असते, कधी जहाज, कधी तळघर. पण हे असतंच. हे कुठून आलं?”

ताई, मला हे ठाऊकच नव्हतं. घरी येऊन अकराही पुस्तकं जमिनीवर मांडून बघितली. आहे. प्रत्येकात आहे.

तेव्हापासून एक ओळ लिहून झालेली नाही. दुपारी चारच्या सुमारास उन्हं कलायला लागली की मी भिंतीला कान लावून बसलेला असतो. पलीकडे कोणी राहत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी बसतो.

त्रेपन्नच्या पुराच्या वेळी मी सहा वर्षांचा होतो. माळ्यावरच्या तीनच गोष्टी आठवतात. बाबांच्या ओल्या लोकरी कोटाचा वास. तू गात होतीस. आणि तुझे दोन्ही हात माझ्या कानांवर होते, बर्फासारखे गार.

तू माझे कान का झाकले होतेस?

तुझा,
रिनुस


ओस्टरकापेल, १५ ऑक्टोबर १९९६

रिनुस,

अंगात ताप आहे का तुझ्या? पन्नाशीला आलास आणि भिंतीला कान लावून बसतोस. गरम काहीतरी खात जा आणि चार वाजता बाहेर फिरायला जा.

तुझी पुस्तकं मी वाचत नाही असं गावात सांगते. वाचते. तपकिरी कागदाचं वेष्टन घालून. पुढच्या बाकावरच्या बाईला वाटतं, प्रार्थनेचं पुस्तक आहे.

त्या तुझ्या विद्यापीठवालीला सांग, कपाट होतं. खालच्या खोलीतलं आईचं ओकचं कपाट पाण्यावर तरंगून वर आलं आणि दिवसभर माळ्याच्या फळ्यांना आपटत राहिलं. तू घाबरत होतास म्हणून कान झाकले. मी चौदा वर्षांची, मला दुसरं काय सुचणार? आणि गात होतो कारण रविवार होता. रविवारी आपल्याकडे गातात. झालं तुझं साहित्य.

बाबांनी वही जाळली ते चुकलंच. पण बाबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. मातीखालच्या माणसाला वर काढून काय मिळणार आहे?

मी बरी आहे. गुरुवारी झिरिकझेला आपल्या गावच्या क्रैन क्लूतकडे जाऊन आले, तो वृद्धाश्रमात असतो ना आता. ब्याऐंशीचा झालाय, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. वाटाण्याचं सूप नेलं तर म्हणतो, “यान्ना, यात चमचा उभा राहिला पाहिजे, हा तर पोहतोय.”

वारा नैर्ऋत्येचा आहे.

यान्ना


डेव्हेंटर, ४ नोव्हेंबर १९९६

प्रिय ताई,

तुझ्या कपाटाने मला दोन आठवडे शांत झोप दिली, त्याबद्दल खरंच आभार. फेम्केलाही मी तेच सांगितलं. तिने मान डोलावली, लिहून घेतलं, आणि तिथेच थांबेल अशी ती बाई नाही. गेल्या शुक्रवारी दोन कागद घेऊन आली.

एक, आपल्या गावातल्या बुडालेल्यांची यादी. त्यात आहे: ‘तनेके क्लूत, वय चौतीस. अकरा फेब्रुवारीला स्वतःच्या घराच्या माळ्यावर सापडली.’

दुसरा, पुराआधीचा आपल्या रस्त्याचा फोटो. माझ्या डोक्यात आपलं घर सुटं होतं, ताई. चारही बाजूंनी मोकळं. फोटोत ते तसं नाही. आपलं आणि क्लूतांचं छप्पर एकच आहे. मध्ये एकच भिंत.

तू मला लहानपणापासून सांगत आलीस की क्रैनकाकांची बायको तनेकेकाकू त्यांच्याबरोबर समुद्राच्या बांधावर गेली होती आणि तिथून वाहून गेली. आणि तू नऊ वर्षं दर गुरुवारी त्या माणसाला सूप नेतेस. तुझं आणि त्याचं ना नातं ना गोतं.

कपाट गाणं ऐकून थांबत नाही. माझ्या पुस्तकांतलं ठोठावणं थांबतं, मग पुन्हा सुरू होतं, जणू पलीकडचं कोणी वाट बघतंय. तेवढं मला आता आठवायला लागलं आहे.

खरं सांग.

रिनुस


डेव्हेंटर, २७ डिसेंबर १९९६

ताई,

सात आठवडे झाले. नाताळला फोन केला तर “वारा वायव्येचा आहे” म्हणालीस आणि ठेवलास. वायव्येचा वारा म्हणजे काय, पुराच्या रात्री समुद्र त्यानेच आत आणला, हे तुझ्या-माझ्या वयाच्या झेलंडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी रागावलेलो नाही. फक्त लिही.

रिनुस


ओस्टरकापेल, २ फेब्रुवारी १९९७

रिनुस,

काल पुराची स्मरणसभा होती. नावं वाचली. तनेकेचं नाव आलं तेव्हा मला वाटलं, आता मी ओरडणार. ओरडले नाही. घरी येऊन कागद घेतला, तो आज भरते आहे. मध्ये थांबवू नकोस, म्हणजे नंतर फोनही करू नकोस.

क्रैन बांधावर होता हे खरं. तनेके घरी होती. आपण माळ्यावर चढलो, तशी तीही तिच्या माळ्यावर चढली. सकाळी तिची रस्त्याकडची भिंत कोसळली आणि तुळई तिच्या पायांवर पडली. ती भिंतीतून बोलत होती, सगळं नीट ऐकू यायचं. मग तिचा आवाज बसला आणि ती ठोकायला लागली.

बाबांकडे कुऱ्हाड होती. आपल्या छपराची कौलं त्यांनी त्या कुऱ्हाडीनेच फोडली होती, बाहेर बघायला. मधली भिंत एकेरी विटेची. पण पलीकडचं अर्धं घर पडलं होतं, आणि बाबांना वाटलं की आपलं छप्पर आता त्या एका भिंतीवरच उभं आहे. फोडली तर सगळे जाऊ. आई एकदाच म्हणाली, “फोडा.” बाबा म्हणाले, “पोरं आहेत, मीना.” बाबा कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसले. दुपारी चारला पाणी दुसऱ्यांदा चढायला लागलं, ठोकणं जोरात झालं, आणि आईने स्तोत्र सुरू केलं. आईने, रिनुस. जी “फोडा” म्हणाली होती तिनेच. आम्ही तिघं गायलो. एक संपलं की दुसरं.

आता तुझं. तू गात नव्हतास. तू माझ्या कुशीतून निसटलास, तुझा एक लाकडी बूट काढलास आणि भिंतीजवळ जाऊन बसलास. तिने तीनदा ठोकलं की तू तीनदा ठोकायचास. तू दोनदा ठोकलंस की ती दोनदा. तुला तो खेळ वाटला. तू हसत होतास. बाबांनी तुला ओढायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्या माळ्यावर तिला उत्तर देणारा तू एकटा होतास.

अंधार पडता पडता ती थांबली. तू ठोकत राहिलास. मग वळून म्हणालास, “काकू आता खेळत नाही.” आणि पुन्हा ठोकायला लागलास, आणि पुन्हा. तेव्हा मी तुला ओढून घेतलं आणि तुझे कान झाकले. ठोकणं ऐकू येऊ नये म्हणून झाकले असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. ठोकणं थांबलं होतं. ते थांबलंय हे तुला कळू नये म्हणून झाकले.

सोमवारी होडी आली. सकाळी तुला काहीच आठवत नव्हतं. आईने मला हे कधी न सांगण्याची शपथ घातली.

पुढच्या वसंतात घरं पाडायला माणसं आली. बाबा बघायला गेले, मी बरोबर होते. एका माणसाने त्या भिंतीत पहार घातली आणि ढकलली. भिंत पडली. छप्पर हललंसुद्धा नाही. तो माणूस शीळ वाजवत दुसऱ्या खोलीत गेला. बाबा कुंपणापाशी तासभर उभे होते.

तुझ्या वहीत त्यांनी काय वाचलं असेल, कळलं ना आता? बारा वर्षांचा होतास, आठवत काही नव्हतं, आणि लिहिलं होतंस, ‘भिंतीतल्या बाईला कुणी उत्तर देत नाही.’

यान्ना


डेव्हेंटर, १० फेब्रुवारी १९९७

ताई,

तुझं पत्र रोज वाचतो. बुटाचा टाचेकडचा भाग हातात कसा बसायचा, ते पत्र वाचल्यावर आठवलं. चेहरा मात्र आठवत नाही तिचा. अर्थात, चेहरा दिसत नव्हताच.

तीस वर्षं मी मुलाखतींत सांगत आलो की भीती ही कारागिरी आहे, सुतारकामासारखी. आणि एका बाईच्या शेवटच्या दुपारवर मी घर बांधलं, बक्षिसं घेतली, साहित्यसंमेलनांत जेवलो. फेम्केला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, जोवर एक माणूस हो म्हणत नाही.

क्रैनकाकांना सांगायला हवं. तू सांगतेस की मी?

तुला यासाठी दोष देत नाही. चौदा वर्षांची होतीस. पण नंतर पंधराची झालीस, तिशीची झालीस, अठ्ठावन्नची झालीस. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, तरी खोडत नाही.

रिनुस


ओस्टरकापेल, २१ फेब्रुवारी १९९७

रिनुस,

काल गुरुवार होता. मी सांगितलं.

सूप वाढून दिलं, त्याला खाऊ दिलं आणि मग म्हटलं, “क्रैन, मला तनेकेबद्दल बोलायचंय.” त्याने चमचा खाली ठेवला. म्हणाला, “दार लाव.”

सगळं सांगितलं. तो खिडकीबाहेर बंदराकडे बघत होता. माझं संपल्यावर म्हणाला, “मला माहीत होतं.”

मी डब्याचं झाकण लावलं आणि परत काढलं. तो म्हणाला, “तिला आणायला होडीतून मीही गेलो होतो, यान्ना. तिच्या हाताशी इस्त्री पडली होती, बिडाची, तिच्या आईची. आणि भिंतीवर घाव होते. गुडघ्याच्या उंचीवर. विटा पांढऱ्या झाल्या होत्या. त्या भिंतीपलीकडे कोण होतं, हे मला माहीत नसणार?”

“मग कधी विचारलं का नाहीस?”

“नऊ वर्षं दर गुरुवारी तू दार वाजवलंस की मला वाटायचं, आज सांगेल. मग तू डबा उघडायचीस. विचारलं असतं तर तू यायची थांबली असतीस. मग सांगणारं कोण उरलं असतं? तुझे आई-बाप तर सुटले.”

पोराचं त्याला ठाऊक नव्हतं. तेवढंच नवीन होतं. “पोरगं ठोकत होतं?” त्याने दोनदा विचारलं. “किती वेळ?” मी म्हटलं, अंधार पडेपर्यंत. मग तो उठला, माझा डबा स्वतः धुतला, पुसला, माझ्या हातात दिला. म्हणाला, “पुढच्या गुरुवारी येऊ नकोस. त्याला पाठव.”

मी बसस्टॉपवर डबा घेऊन उभी होते आणि तीन बस गेल्या.

जा त्याच्याकडे.

यान्ना


डेव्हेंटर, १६ मार्च १९९७

प्रिय ताई,

दोन गुरुवार धीर झाला नाही, तिसऱ्या गुरुवारी जाऊन आलो. जिने चढताना दोनदा कठडा धरून थांबलो. माझ्या कादंबऱ्यांतली माणसं जिने चढतात तेव्हा मी नेहमी लिहितो की त्यांना थंडी वाजली. थंडी वाजत नाही. घाम फुटतो.

त्यांनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य, “टक्कल पडलं की रे तुला.” मग मला खिडकीपाशी बसवलं आणि माझे हात बघितले, उलटेसुलटे करून, गाय विकत घेताना बघावं तसे.

मी माफी मागितली. म्हणाले, “सहा वर्षांच्या पोराने कसली माफी मागायची? तिच्याशी कोणीतरी बोलत होतं. चव्वेचाळीस वर्षं मी ती एकटी गेली असं धरून चाललो होतो.” मला वाटलं, झालं, सुटलो. तेव्हा त्यांनी उशीखालून माझी दोन पुस्तकं काढली. आश्रमाच्या वाचनालयातली, चहाचे डाग पडलेली.

“ही वाचली. ठोठावणारी बाई तनेके आहे, हे पन्नासाव्या पानावर कळलं मला. तू तिला लांब नखं दिलीस. तिची नखं कुरतडलेली असायची. तू तिला शाप द्यायला लावलंस. अरे, तिने आमच्या कोंबड्यांना चर्चच्या वडीलमंडळींची नावं ठेवली होती! पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली गेली की हसून हसून खुर्चीवरून घसरायची. ती कुणाला भीती दाखवेल?”

मग ते म्हणाले, आणि हे वाक्य मी तुला जसंच्या तसं लिहितो, “तू एकंदर किती पुस्तकं लिहिलीस म्हणालास? अकरा. कागदावरची भिंत होती रे, रिनुस. तिथे कुठलं छप्पर पडणार होतं? एकदा तरी फोडायची होतीस.”

परत येताना गाडीत मला कळलं की अकराही पुस्तकांत हातात कुऱ्हाड असलेला एक माणूस असतो आणि मी त्याला दर वेळी बसवूनच ठेवतो. फेम्केनेसुद्धा हे विचारलं नव्हतं. तिला सगळं सांगायची परवानगी काकांनी दिली, एका अटीवर: आधी कोंबड्यांचं लिहायचं.

तुझ्याबद्दल मी विचारलं. रागावले आहेत. मी म्हटलं, ती चौदा वर्षांची होती. म्हणाले, “मला गणित येतं. इतकी वर्षं मला राग यायला जागाच नव्हती, तुझे आई-बाप मेलेले, हिचं सूप टेबलावर. आता आलाय तर राहू दे थोडे दिवस. मे महिन्यात ये म्हणावं.”

तुझा,
रिनुस


ओस्टरकापेल, २ मे १९९७

रिनुस,

काल एक मे होता आणि गुरुवार होता. गेले. सूप नेलं नाही, रिकाम्या हाताने गेले.

दारात उभा राहून म्हणाला, “मे म्हणालो होतो, उजाडता उजाडता असं नव्हतं म्हटलं.” आणि बाजूला सरकला.

माझी खुर्ची होती तिथेच होती. त्याने मला विचारलं, “तुझा बाप तिच्याशी काय बोलला? सकाळी, तिचा आवाज होता तेव्हा. भिंतीतून सगळं ऐकू यायचं म्हणालीस. मग तो काही तरी बोललाच असणार.”

ही एक गोष्ट मी तुलाही लिहिली नव्हती. आईला ठाऊक होती, मला ठाऊक होती. वाटलं होतं, ती आपल्याबरोबरच जाईल.

बाबा भिंतीला तोंड लावून म्हणाले होते, “थांब, तनेके. आलोच.” सकाळी म्हणाले, नऊच्या सुमारास. तेव्हा त्यांना यायचं होतं, रिनुस. मी त्यांचा चेहरा बघितला होता, खरंच यायचं होतं. मग त्यांनी छपराकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि खाली बसले. आपण येत नाही, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही.

क्रैनने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. “थांब, तनेके. आलोच.” दुसऱ्यांदा मी म्हणताना त्याचेही ओठ हलत होते.

मग म्हणाला, “म्हणजे दिवसभर ती वाट बघत होती.”

मी हो म्हटलं.

“म्हणजे तिला वाटत होतं, कोणीतरी येतंय.”

त्याला हे ऐकून बरं वाटलं की त्याच्या काळजात सुरी फिरली, ते त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. त्याने उठून कॉफी केली. आम्ही ती प्यालो. त्याचं त्यालाही ते कळलं असेल, असं मला वाटत नाही.

यान्ना